पॅडल नसलेलं विमान : माझं १९४६ चं एर्कूप

"पायच लावत नाही, मग चालवता काय? ते विमान नाहीच, खेळणं आहे." एर्कूप या दोन सीटच्या, पायांनी वळवावं न लागणाऱ्या लहान अमेरिकी विमानाबद्दल हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता बोलणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं, हा ते म्हणणार. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एर्कूप कधी चालवलेलं नसतं. काही जण तर त्यात बसलेलेही नसतात. मी बसलोय. अकरा वर्षं, सहाशे साठ तास. म्हणून हा अभिप्राय लिहायला घेतला आहे, आणि मला जे चांगलं दिसलं तितकंच जे वाईट दिसलं तेही लिहिणार आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही. मी मूळचा मिरजेचा. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. मांडीपासून घोट्यापर्यंत कॅलिपर. लहानपणी वडिलांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवून कवलापूरच्या धावपट्टीवर नेलं होतं, कुणी मंत्री विमानानं येणार होते म्हणून. मंत्री आठवत नाहीत. विमानाचा पंखा थांबता थांबता एकेक पातं वेगळं दिसायला लागतं, ते आठवतं. पुढे शिक्षण, नोकरी, १९९८ साली अमेरिका. इथे मेरीलँडमध्ये मी ऑटोमॅटिक गाडी चालवायला शिकलो, उजव्या पायानं. त्या वेळी गावाकडचे मित्र म्हणायचे, गिअर नसलेली गाडी चालवणं म्हणजे काय चालवणं! आज त्यातल्या तिघांच्या दारात ऑटोमॅटिक आहे. विमानाबाबतही नेमका हाच युक्तिवाद चालतो, फक्त लोक अजून तिथेच अडकलेत.

विमान शिकायचं ठरवलं तेव्हा एका फ्लाइंग स्कूलमध्ये गेलो. तिथल्या माणसानं माझा कॅलिपर पाहिला, रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, पॅडलवर दोन्ही पाय लागतात असं सांगितलं, आणि माहितीपत्रक परत मागून घेतलं. परत मागून घेतलं, हे मला अजून टोचतं. देऊन टाकलं असतं तर काय बिघडत होतं? गाडीत बसून बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

मग एका लहान विमानतळावर एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांच्या हँगरमध्ये दोन शेपट्यांचं, चकचकीत ॲल्युमिनियमचं एक बुटकं विमान उभं होतं. त्यांनी मला पंखावर चढायला हात दिला आणि म्हणाले, आत बघ, पायाशी काय आहे ते. पायाशी एकच पॅडल होतं. ब्रेकचं.

एर्कूप कसं चालतं ते सांगतो. नेहमीच्या विमानात हातातल्या दांड्यानं किंवा स्टिअरिंगनं पंखांवरचे एलेरॉन, म्हणजे विमान झुकवणाऱ्या पट्ट्या, हलतात आणि पायांनी शेपटीवरचा रडर. वळताना हातपाय एकमेकांना धरून चालावे लागतात. एर्कूपमध्ये एलेरॉन, रडर आणि जमिनीवर असताना पुढचं चाक, तिन्ही एकाच स्टिअरिंगला जोडलेली आहेत. डावीकडे फिरवलं की डावीकडे वळतं, हवेतही आणि जमिनीवरही. शेपटीला दोन उभे पंख आहेत, आणि ते शोभेसाठी नाहीत. पंख्यामागून येणाऱ्या फिरत्या हवेच्या झोताबाहेर ते बसवलेत, म्हणजे इंजिनचा जोर वाढवला की विमान एका बाजूला ओढ घेतं ती ओढ कमी होते. शिवाय एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी, वर जाण्यावर मर्यादा आहे, माझ्या मॉडेलमध्ये १३ अंश. स्टिअरिंग पार पोटाशी ओढलं तरी एलिव्हेटर त्याहून वर जात नाही, म्हणून नाक फार उचलता येत नाही.

या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं? विमान गिरकीत जात नाही, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरत खाली कोसळत नाही. गिरकी लागायला दोन गोष्टी लागतात : पंखावरचा वारा तुटणं, म्हणजे पंखाची उचलून धरण्याची ताकद जाणं, आणि त्याच क्षणी विमानाला आडवा झटका मिळणं. एर्कूप पहिली पुरती होऊ देत नाही आणि दुसरी द्यायला तुमच्याकडे वेगळं पॅडलच नाही. अमेरिकी हवाई प्राधिकरणानं १९४० साली प्रमाणपत्र देताना याची नोंद केली : हे विमान स्वभावतःच गिरकीत जाऊ शकत नाही.

हे कुणा हौशी माणसाचं डोकं नव्हतं. फ्रेड वाइक हा व्हर्जिनियातल्या लँगलीच्या सरकारी संशोधन केंद्रात, म्हणजे नासाच्या पूर्वावतारात, काम करणारा अभियंता. इंजिनभोवतीच्या ज्या आवरणामुळे विमानांचा वेग वाढला आणि ज्याला १९२९ ची कॉलिअर ट्रॉफी, म्हणजे विमानविद्येतला मोठा अमेरिकी पुरस्कार, मिळाली, ते काम त्याच्याच गटाचं. नोकरीबाहेरच्या वेळात सहकाऱ्यांना घेऊन त्यानं १९३४ च्या सुमारास एक प्रायोगिक विमान बांधलं. प्रश्न एकच होता : साधी माणसं लहान विमानात मरतात ती नेमकी कोणत्या चुकीनं, आणि ती चूक करताच येणार नाही असं विमान बांधता येईल का? १९३६ साली तो मेरीलँडमधल्या रिव्हरडेलच्या इंजिनिअरिंग अँड रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये आला. त्या नावाची आद्याक्षरं एर्को, आणि त्यावरून एर्कूप.

इथे टीकाकारांना एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. माझ्या शेजारच्या हँगरमधले गृहस्थ पायपर चेरोकीवर शिकले आणि चेरोकीचं नाव अभिमानानं घेतात. घ्यावंच, चांगलं विमान आहे. पण चेरोकी ज्या तिघाचौघांनी आखलं त्यात हाच फ्रेड वाइक होता. शेतावर फवारणी करणारं पायपर पॉनी हेही त्याचंच. त्या दोन विमानांत त्याचं डोकं मान्य, आणि एर्कूपमध्ये मात्र त्यानं खेळणं केलं, हे कसं?

आता मूळ आक्षेप. "पाय न वापरता शिकलेला वैमानिक आळशी होतो." कोणत्या परिस्थितीत पाय वापरावे लागतात ते बघू. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. विमान जमिनीपासून दीड-दोनशे मीटरवर, वेग कमी केलेला. वाऱ्यानं वळण लांबतंय असं दिसतं. माणूस जास्त झुकायला घाबरतो, म्हणून पायानं रडर दाबून नाक आत ढकलतो. नाक खाली जातं, म्हणून दांडा मागे ओढतो. एलेरॉन एकीकडे, रडर दुसरीकडे, वेग तुटलेला. क्षणात एक पंख खाली जातो आणि विमान गिरकी घेतं. सावरायला उंची नसते. ही चूक शिकाऊ करतात तशी हजार तास उडालेली माणसंही करतात. एर्कूपमध्ये ती होत नाही, कारण उलटसुलट दाबायला दुसरं काही नाहीच. जी चूक करताच येत नाही ती टाळण्याचं कौशल्य माझ्याकडे नाही, हे खरं. पण त्या कौशल्याशिवाय मी जिवंत घरी येतो.

म्हणून एर्कूपमध्ये कुणी मरत नाही, असं म्हणणारा माणूसही खोटं बोलतो. हे मी स्वतः शिकलोय. परवाना मिळाल्यावर दुसऱ्या महिन्यात मी एकदा उंच राहून धावपट्टीकडे आलो. नेहमीच्या विमानात अशा वेळी पाय आणि हात उलटे देऊन विमान तिरकं घसरवतात, उंची कमी होते. एर्कूपमध्ये ते जमत नाही. उंची घालवायची तर वेग कमी करून नाक वर धरायचं, मग ते जिन्यावरून उतरल्यासारखं पडायला लागतं, पण जमीन जवळ आली की नाक खाली घालून वेग परत मिळवायचाच. मी तो परत मिळवायला उशीर केला. स्टिअरिंग पोटाशी होतं, विमान सरळ होतं, गिरकी नव्हती, आणि तरीही ते धाडकन खाली बसलं. उसळलं, पुन्हा बसलं. चाकांच्या दांड्यांची तपासणी करून घ्यावी लागली. मला काही झालं नाही. त्या दिवसापासून शेवटच्या टप्प्यात काटा ताशी ७० मैलांच्या खाली जाऊ देत नाही. जुन्या विमानाची तबकडी मैलातच आहे, म्हणून मैल.

दुसरा आक्षेप आडव्या वाऱ्याचा, आणि यातच माझा जीव आहे. "आडवा वारा असेल तर हे विमान वाकड्या तोंडानं उतरतं, चाकं मोडतील." वाकड्या तोंडानं उतरतं हे शंभर टक्के खरं. परवाच्या मार्चमधला एक दिवस सांगतो. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या धावपट्टीवर उजव्या बाजूनं वारा, बारा नॉट. शेजारच्या सीटवर आमची ही. विमान धावपट्टीच्या रेषेवरून चाललंय, पण नाक मात्र उजवीकडच्या गवताकडे. काचेतून समोर धावपट्टी नाही, हँगरची रांग दिसते. धावपट्टी डाव्या खांद्यापलीकडे. "अहो, ते तिकडे आहे!" असं ती म्हणाली, आणि सीटची कडा दोन्ही हातांनी धरली. मी काही सरळ केलं नाही. सरळ करायचंच नसतं. तसंच तिरकं खाली येऊ दिलं. मागची दोन्ही चाकं टेकली, रबरांनी एकदाच दीर्घ किंचाळी फोडली, आणि मी स्टिअरिंगवरची पकड सैल केली. वजनाचा मध्य मागच्या चाकांच्या पुढे असल्यामुळे विमान आपसूक धावण्याच्या दिशेला वळतं. खांद्याला हिसका बसतो, जसा वळणावर भाजीच्या हातगाडीच्या दांड्याचा बसतो, आणि धावपट्टी समोर येते. मग हळूच पकडायचं. चाकांचे दांडे मागे ओढलेल्या कोपरासारखे घडवलेत, हा आडवा भार सोसायलाच. घट्ट धरून ठेवलं तर बिघडतं. पायांची सवय असलेले वैमानिक नेमकं तेच करतात, आणि मग विमानाला नावं ठेवतात.

मात्र एक अट आहे. चाकांच्या दांड्यांमधले, धक्का सोसणारे रबरी गोळे जुने होऊन दबले की विमान मागे बसतं, शेपटी खाली येते. तसं विमान जमिनीवर वाऱ्यात मनासारखं वागत नाही. एर्कूपची अर्धी बदनामी अशा दबलेल्या रबरांनी झाली आहे, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप ताकदीचा. तो मी मान्य करतो. ७५ अश्वशक्ती म्हणजे फार काही नाही. माझ्या विमानाचं कमाल वजन ५७१ किलो, रिकामं तेलासकट ३८०. उरले १९१. तिन्ही टाक्या भरल्या तर सुमारे ९० लिटर, म्हणजे ६५ किलो पेट्रोल. उरले १२६, आणि आम्ही दोघं मिळून १२९. म्हणून दोघं असलो की ७५ लिटरच घेतो, आणि वर आठ किलो जागा राहते : पाण्याची बाटली, कागदपत्रं, दशमी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. जुलैच्या दुपारी दोघांना घेऊन चढताना मिनिटाला साडेतीनशे फूटही मिळत नाहीत, झाडं हळू खाली जातात. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सात वाजताच निघतो. धिप्पाड माणसांनी जोडीनं यात बसू नये. खांद्याला खांदा लागतो. ज्यांना चार माणसं न्यायची आहेत त्यांनी दुसरं विमान बघावं.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. काच. दोन्ही बाजूंच्या काचा खाली सरकून विमानाच्या कुशीत जातात, उडताना उघड्या ठेवता येतात. ऑक्टोबरमध्ये, कटॉक्टिन डोंगराची झाडं लाल झालेली असताना, पंधराशे फुटांवरून ताशी ९५ मैलांनी, काचा खाली करून जायचं. पंख आपल्या खाली, वर काही नाही. खालून कुणीतरी पालापाचोळा जाळलेला असतो त्याचा वास वरपर्यंत येतो. मला मिरजेच्या वाड्यामागची संध्याकाळ आठवते. बंद डब्यासारख्या विमानात हे नाही.

आणि पेट्रोलचा काटा. समोर, काचेच्या पलीकडे, टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असते. खाली तिला बुचाचा तरंगणारा गोळा. पंखांतल्या टाक्यांमधलं पेट्रोल पंपानं या पुढच्या टाकीत येतं, आणि तिथून स्वतःच्या वजनानं इंजिनात उतरतं. तार उंच आहे तोवर सगळं ठीक. खाली यायला लागली तर पंप थांबलाय किंवा पंखातलं संपलंय, आणि तरी हातात जवळपास तासाभराचं पेट्रोल आहे. वीज नाही, तबकडी नाही. गेल्या अकरा वर्षांत ही तार कधी अडकली नाही. माझ्या गाडीचा काटा दोनदा बदललाय.

या विमानानं आपल्या काळात करून दाखवलेलं काही टीकाकार सोयीनं विसरतात. अमेरिकेत रॉकेटच्या जोरावर पहिल्यांदा उड्डाण केलेलं विमान हेच. ऑगस्ट १९४१, कॅलिफोर्नियातलं मार्च फील्ड, कॅलटेक या संशोधन संस्थेची मंडळी आणि होमर बूशी हा लष्करी वैमानिक. खेळण्याला कुणी रॉकेट बांधत नाही. युद्धानंतर १९४५ साली मेसीजसारख्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये हे विक्रीला होतं, आणि १९४६ या एका वर्षात चार हजारांवर बांधली गेली. परतलेले सैनिक घरोघरी विमान घेतील असा सगळ्या उद्योगाचा अंदाज होता. तो चुकला, सगळ्यांचीच विक्री कोसळली, एर्कूपचीही. हक्क फॉर्नी, अलॉन, मूनी या कंपन्यांकडे फिरत गेले. पॅडल बसवण्याची सोयही निघाली. बाजार पडला म्हणून विमान वाईट, हा निष्कर्ष मला कधीच पटला नाही.

जेसिका कॉक्सचं नाव इथे घ्यायलाच हवं. जन्मापासून दोन्ही हात नाहीत. २००८ साली तिनं वैमानिकाचा परवाना मिळवला, पायांनी विमान चालवून. विमान एर्कूप. तिला हात नव्हते आणि पाय होते, माझा डावा पाय चालत नाही आणि हात आहेत. दोघांनाही पुरलेलं विमान एकच. फ्रेड वाइकनं आमचा विचार करून ते बांधलं नव्हतं. हात आणि पाय दोन्हींऐवजी एकाच स्टिअरिंगनं चालेल असं बांधलं, आणि दार आपोआप रुंद झालं. "पाय लावत नाही म्हणजे वैमानिक नाही" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ते विमानाबद्दल बोलतात असं त्यांना वाटत असतं. मला ते माहितीपत्रक परत घेणारा हात दिसतो.

कुणाला घ्यायचं असेल तर दोन गोष्टी सांगतो. मी २०१४ साली चोवीस हजार डॉलरला घेतलं, रेडिओ नवा होता, पंखांचं कापड बरं होतं. कापड बोटानं वाजवून बघा. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत भोपळा असाच वाजवून पारखतात. ताणलेल्या कापडाचा आवाज मोकळा येतो, दमलेल्याचा मऊ. बाजूला उभं राहून शेपटीची उंची बघा, खाली बसलेली असेल तर रबराचे पैसे किमतीतून कमी करा. इंजिनचे तास सगळेच विचारतात, पण या विमानाचा खरा शत्रू गंज आहे. दोन्ही पंखांना जोडणारा मधला भाग सीटच्या खाली-मागे असतो, तिथे पाणी साठतं आणि ॲल्युमिनियम पांढरं, पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. विजेरी आणि आरसा घेऊन जा, एर्कूप माहीत असलेला मेकॅनिक सोबत न्या, आणि विकणारा ते झाकण उघडू देत नसेल तर किमतीबद्दल बोलूच नका, परत फिरा.